पसंतीची भाषा

गेली सहा वर्षं मी इथे आयर्लंडमध्ये, सँडीफोर्डच्या एका छोट्या कंपनीत नोकरी करते. आम्ही खासगी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. पेशंट पहिल्यांदा आला की रिसेप्शनवरची बाई त्याचं नाव, पत्ता, जन्मतारीख ज्या फॉर्मात भरते, तो फॉर्म आमचा. काम काही फार थोर नाही, पण चुकून चालत नाही. आणि घाई हा तर माझा जन्माचा दोष. आई म्हणते, तू पोटातूनसुद्धा पंधरा दिवस आधीच आलीस.

दोन वर्षांपूर्वी या फॉर्मात एक नवा चौकोन घालायचं काम माझ्याकडे आलं. चौकोनाचं नाव 'पसंतीची भाषा'. त्यात इंग्रजीशिवाय दुसरी कुठलीही भाषा भरली असली, की दवाखाना त्या भाषेचा दुभाषा आधीच फोनवर ठरवून ठेवतो. इंग्रजी असली की प्रश्न मिटला. रिसेप्शनवाल्यांचं टायपिंग वाचावं म्हणून मी एक शक्कल काढली. पेशंटचा देश निवडला की त्या देशाची अधिकृत भाषा चौकोनात आपोआप भरली जाईल. अधिकृत भाषा एकीपेक्षा जास्त असतील तर यादीतली पहिली. एका दुपारी लिहून मोकळी झाले आणि स्वतःवर जाम खूश होऊन चहा प्यायला गेले.

पहिला दणका आयर्लंडनेच दिला. इथल्या राज्यघटनेप्रमाणे आयरिश ही पहिली अधिकृत भाषा आणि इंग्रजी दुसरी. त्यामुळे माझ्या हिशोबाने या देशातला यच्चयावत माणूस आयरिश बोलणारा ठरला आणि प्रत्येकाला दुभाषा लागणार होता. आमचा मॅनेजर इथलाच, कॉर्कचा. चौदा वर्षं शाळेत आयरिश शिकूनही त्याला त्या भाषेत फक्त संडासला जायची परवानगी मागता येते, असं तो स्वतःच सांगतो. तो हसून हसून लाल झाला. "तेवढं एक दुरुस्त कर, मग ग्रँड," म्हणाला. ग्रँड म्हणजे इथे नुसतं 'ठीक आहे'. मी तेवढं एक दुरुस्त केलं. भारतापुढे मी आधीच हाताने 'हिंदी' लिहून ठेवलं होतं. का, तर इथे कुणी विचारलं की आपण पटकन तेच सांगून टाकतो. मराठी म्हटलं की पुढे पाच मिनिटं नकाशा काढून दाखवावा लागतो. माझ्या आईने नागपूरच्या भाजीबाजारापलीकडे हिंदी कधी वापरलेली नाही, हे त्या वेळी माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुसरा दणका आमच्या टेस्टरने दिला. टेस्टर म्हणजे आम्ही लिहिलेल्यात खोट काढण्याचा पगार जिला मिळतो ती. माझ्याच वयाची, झिंबाब्वेची, डंडॉकला राहणारी, आठवड्यातून दोन दिवस ऑफिसात येणारी. तिने आपला देश निवडून बघितला. चौकोनात आलं 'चेवा'.

"चेवा?" ती म्हणाली. "आमच्याकडे चेवा बोलणारा माणूस शोधायला मला अर्धा दिवस लागेल."

झालं होतं असं, की त्यांच्या नव्या घटनेत एक-दोन नाही, सोळा भाषा आहेत. आणि त्या इंग्रजी वर्णक्रमाने लिहिल्या आहेत. चेवा पहिली, म्हणून माझ्या सॉफ्टवेअरने ती उचलली. मी म्हटलं, सोळा अधिकृत भाषा म्हणजे जरा अतिच झालं. त्यावर तिने मला जेवणाच्या सुट्टीत बसवून नीट ऐकवलं. टेस्टरच ती, शब्दही चुकू देत नाही.

"अधिकृत भाषा असं नाही लिहिलेलं. अधिकृतपणे मान्य असलेल्या भाषा, असं लिहिलंय. फरक आहे. त्यात खुणांची भाषासुद्धा आहे. शोना आणि एन्देबेले मोठ्या, म्हणून तेवढ्या दोनच घेतल्या असत्या तर बाकीचे म्हणाले असते, आम्ही काय पाहुणे आहोत? म्हणून सगळ्यांना मान्यता दिली. आणि सगळ्यांना दिल्यावर कोर्टात, परीक्षेत, ऑफिसात वापरायची कुठली, तर परत इंग्रजीच. ती कुणाचीच नाही, म्हणून कुणी भांडत नाही."

"मग तक्रार कशाला?" मी म्हटलं. "आमच्याकडेही तेच आहे."

"तक्रार नाही. वरच्या वर्गात गेल्यावर शोना बोललं की आमच्या गळ्यात लाकडी पट्टी अडकवायचे. पुढचा कुणी बोलताना सापडेपर्यंत ती घालून हिंडायचं. मी आठवड्यात इंग्रजी शिकले. ज्यांना जमलं नाही ते गप्प बसायला शिकले. आता ज्यांना जमलं ते ऑफिसात बसून बाकीच्यांचं काय ते ठरवतात."

माझ्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोललं तर मैदानाला चक्कर मारावी लागायची, आणि मी बोलघेवडी असल्यामुळे माझी तब्येत उत्तम राहिली, असं मी तिला सांगितलं. ती हसली. मग मी झिंबाब्वेपुढे 'इंग्रजी' असं हाताने भरलं आणि म्हटलं, "संपलं. इंग्रजी काय, तुमच्याकडे सगळ्यांनाच येते."

"मला येते," ती म्हणाली आणि डबा धुवायला उठली. तिचं उत्तर मी ऐकलं, पण त्यावर विचार केला नाही. दुसऱ्या दिवशी तो बदल दवाखान्यांकडे गेलासुद्धा.

त्याच सुमारास तिची आई डंडॉकला राहायला आली. वडील गेले होते आणि ही एकुलती एक मुलगी. एका शनिवारी तिने मला जेवायला बोलावलं. आई म्हणजे ठेंगणी, गोल चेहऱ्याची, डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली बाई. उजवा गुडघा पार गेलेला, चालताना भिंत धरायची. इंग्रजीत 'थँक्यू' आणि 'सॉरी' एवढंच. पण चष्मा लावून शोनातलं बायबल रोज वाचायची. मी तिला मावशी म्हणायला लागले. तिला तो शब्द आवडला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मावशीने मक्याच्या पांढऱ्या पिठाचा साडझा केला होता. आपल्या उकडीसारखाच, पण घट्ट. हाताने गोळा करून पालेभाजीशी खायचा. पहिली वाढणी संपली. मावशीने डाव पुढे केला. माझं तोंड भरलेलं, म्हणून मी ओठ न उघडता, आपण करतो तसं "अंहं" केलं. तिने खूश होऊन मोठा गोळा वाढला. तो कसाबसा संपवला. परत डाव आला. परत मी "अंहं, अंहं", या वेळी जरा जोरात. आणखी मोठा गोळा. तिसऱ्या वेळी मी जवळजवळ रडकुंडीला आले, तेव्हा टेस्टर खुर्चीवरून पडायची बाकी राहिली होती.

"शोनात 'एहे' म्हणजे हो," ती म्हणाली. "तू तिला तीनदा हो म्हणालीस. नको असेल तर 'आयवा' म्हण."

मी लगेच "आयवा, आयवा" म्हटलं. मावशीला सगळा प्रकार समजल्यावर ती टेबलावर डोकं टेकून हसली. त्या दिवशी शोनातले दोन शब्द मी जे शिकले ते पक्के. पोट फुटेपर्यंत खाऊन शिकलेलं माणूस विसरत नाही.

मार्च महिन्यात मावशीच्या गुडघ्यासाठी टेस्टरने सँडीफोर्डच्याच एका दवाखान्यात वेळ घेतली. दवाखाना आमच्या ऑफिसपासून चालत पाच मिनिटांवर, आणि आमचंच सॉफ्टवेअर वापरणारा. मावशीला दोन्हीकडून धरायला लागायचं, म्हणून मीही गेले. रिसेप्शनवरच्या मुलीने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघितलं आणि हसून म्हणाली, "इंग्रजी. म्हणजे दुभाष्याची गरज नाही. ग्रँड." टेस्टर आईला धरून पुढे निघाली. मीही निघाले. पण तो शब्द तिथे कुणी भरला ते मला माहीत होतं.

डॉक्टरांनी मलाही आत बसू दिलं. त्यांनी फोटो दाखवला, गुडघ्याची वाटी कशी घासली आहे ते समजावलं. म्हणाले, गुडघा बदलायला हवा. जूनमध्ये तारीख देता येईल. टेस्टरने ते आईला शोनात सांगितलं. मावशीने मान हलवली. "आयवा," म्हणाली. मग बरंच काही म्हणाली, आणि शेवटी परत, सावकाश, "आयवा."

"ती हो म्हणतेय," टेस्टर डॉक्टरांना म्हणाली. "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा, म्हणते."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मला शोना येत नाही, पण तेवढा एक शब्द येत होता.

मावशीला गाडीत बसवल्यावर मी टेस्टरला बाजूला घेतलं. "ती आयवा म्हणाली."

"तुला दोन शब्द येतात, त्यावर तू मला माझ्या आईचं बोलणं समजावणार?"

"दोनदा म्हणाली."

ती भडकलीच. म्हणाली, ऑगस्टमध्ये वडिलांना वर्ष होतंय. गावी विधी असतो, तुमच्याकडे वर्षश्राद्ध असतं म्हणालीस ना, तसाच. आईला त्याला जायचंय. एकदा गेली की तिकडचे भाऊबंद तिला सोडायचे नाहीत आणि ती परत यायची नाही. तिथे हे ऑपरेशन कोण करणार? दोन वर्षांत अंथरूण धरेल. "मी इथे डंडॉकमध्ये बसून तिच्या मरणाची बातमी फोनवर ऐकू? वडिलांची ऐकली, तशी?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिचं पूर्ण चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण जायचं की राहायचं हे मावशीचं होतं, आणि ते तिला कुणी विचारलंच नव्हतं.

लुआस ट्रामने घरी येताना मला राग येत होता. तिचा कमी, माझा जास्त. त्याच्या आदल्या वर्षी माझे बाबा इथे आले होते. जन्मभर पोस्टात काम केलेला माणूस, इंग्रजी माझ्यापेक्षा शुद्ध. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, रात्री झोप कशी लागते? मी म्हटलं, छान लागते. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि ते गप्प बसले. त्यांना झोप लागत नव्हती, हे मला ते परत गेल्यावर आईकडून कळलं. तेव्हा टेस्टरला तत्त्वज्ञान शिकवायचा मला काही अधिकार नव्हता.

पेशंटच्या नोंदीत हात घालायला आम्हाला सक्त मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. मावशीच्या फॉर्ममध्ये जाऊन मी शब्द बदलू शकत नव्हते. पण चौकोन माझा होता. मी मॅनेजरला सांगितलं की देशावरून भाषा ठरवायची ही कल्पनाच चुकीची आहे आणि ती माझी आहे. चौकोन रिकामा ठेवायचा. रिसेप्शनवर पडदा पेशंटकडे फिरवायचा, भाषांची नावं त्या त्या भाषेतच लिहायची आणि त्याला स्वतःला बोट ठेवू द्यायचं. आधी जिथे जिथे भाषा आपोआप भरली गेली होती तिथे ती पुसायची आणि पुढच्या भेटीत विचारायचं.

"यादी किती लांब होईल कल्पना आहे का?" तो म्हणाला. "आणि रिसेप्शनवाल्यांना एक काम वाढणार."

दोन मीटिंगा मी भांडले. शेवटी तो म्हणाला, एवढी का पेटली आहेस? मी म्हटलं, मला हिंदी येणारी आई नाही. त्याला काही कळलं नाही, पण त्याने मंजुरी दिली.

नियमाप्रमाणे बदल तपासायला टेस्टरकडे गेला. ती माझ्या समोरच्याच टेबलावर बसते. तिने देश झिंबाब्वे निवडला. चौकोन रिकामा राहिला. तिने यादी उघडली आणि खाली खाली जात 'chiShona' पर्यंत आली. तिथे ती बराच वेळ थांबली. तिच्या आईची ऑपरेशनआधीची भेट तीन आठवड्यांवर होती, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. खोट काढायची असती तर तिला दहा काढता आल्या असत्या. एकेका खोटीवर तिने माझे महिने खाल्ले आहेत. तिने 'पास' दाबलं आणि कपाटातून कप काढून चहा करायला गेली.

मेमधल्या त्या भेटीला तिने मला परत बोलावलं. मला वाटलं होतं बोलावणार नाही. रिसेप्शनवर तीच मुलगी होती. तिने पडदा फिरवला आणि यादीकडे हात केला. मावशीने पिशवीतून चष्मा काढला, पुसला, लावला. बोट काचेवर ठेवून एकेक नाव वाचत खाली आली. टेस्टर तिच्या मागे उभी होती. तिने ना हात पुढे केला ना तोंड उघडलं. मावशीचं बोट थांबलं.

"एक मिनिट हं," मुलगी म्हणाली, "मी फोनवर दुभाषा बघते." अर्ध्या तासाने सोय झाली. नर्स येऊन मावशीला आत घेऊन गेली आणि आम्हाला म्हणाली, दुभाषा असताना घरचे बाहेर थांबतात, पद्धत आहे.

आम्ही कॉरिडॉरमध्ये बसलो. दाराआडून आधी फोनमधल्या बाईचा आवाज आला, मग मावशीचा. मावशी एवढं सलग बोलते हे मला माहीत नव्हतं. मध्येच ती हसली. मग परत बोलत राहिली. टेस्टरने घड्याळ बघितलं.

"वीस मिनिटं झाली," ती म्हणाली. "माझ्याशी ती वीस मिनिटं बोलत नाही." मग जरा वेळाने म्हणाली, "मी सारखी सांगत असते तिला. हे खा, हे घाल, इथे सही कर."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

डॉक्टर बाहेर आले. मावशीच्या परवानगीने सांगतो, म्हणाले. तिला ऑपरेशन नको आहे असं नाही. तिने एक प्रश्न विचारला होता: गुडघा बदलल्यावर जमिनीवर गुडघे टेकून बसता येईल का? त्यांनी खरं ते सांगितलं, की ते अवघड जाईल, बऱ्याच जणांना जमतच नाही. मग ती म्हणाली, ऑगस्टमध्ये नवऱ्याचा विधी आहे, तिथे बायकोने गुडघे टेकायचे असतात. दुखलं तरी चालेल. ते एकदा करून येते, मग तुमचा नवा गुडघा बसवा. ऑक्टोबर चालेल का?

"चालेल," टेस्टर म्हणाली. डॉक्टर गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "मी 'का' म्हणून विचारलंच नाही. ती नको म्हणाली, आणि मला वाटलं, मला सोडून जायचंय तिला."

नर्स मावशीला घेऊन बाहेर आली. आम्ही दोघींनी दोन्ही बाजूंनी तिला धरलं आणि चालायला लागलो. चार पावलं गेल्यावर मावशी थांबली आणि लेकीला काहीतरी विचारलं. रागाने नाही, अगदी साधं. लेकीने मान खाली घातली आणि एकाच शब्दात उत्तर दिलं.

"काय म्हणतात मावशी?" मी विचारलं.

"म्हणते, डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंय की मागच्या वेळी मी हो म्हणाले. ते हो कोण म्हणालं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, मी."

मावशी लेकीच्या तोंडाकडे बघत तशीच उभी राहिली. मग तिने माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला, लेकीचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि सगळा भार तिच्यावर टाकून पुढचं पाऊल टाकलं.